एका रोगनामाचा इतिहास

रोगाला नांव मिळालें कीं घरांतील माणसांचा जीव थोडासा भांड्यांत पडतो. काल संध्याकाळपर्यंत जो एक निराकार धाक घरभर वावरत होता, त्याला वैद्याच्या तोंडून नाम व रूप प्राप्त झालेलें असतें. शेजाऱ्यानें विचारलें तर सांगण्यासारखें कांहीं तरी हातीं आलेलें असतें. वैद्यालाहि तें नांव हवें असतें, कारण औषधयोजना त्याच्याच धोरणानें व्हावयाची असते. परंतु नांव आणि कारण ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, ही गोष्ट रोगी विसरतो, आप्त विसरतात, आणि वैद्यकाचा इतिहास चाळला तर मोठमोठे वैद्यहि ती विसरलेले आढळतात. ‘क्रॉनिक पायलोनेफ्रायटिस’, म्हणजे जंतूंच्या संसर्गानें मूत्रपिंडास आलेला जीर्ण दाह, ह्या नांवाची कथा ह्या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे. गेल्या शतकाच्या मध्यभागीं कित्येक वर्षें, मूत्रपिंडें आकसून निकामी झालेल्या असंख्य माणसांच्या मृत्यूचें कारण म्हणून हें नांव लिहिलें गेलें. आणि त्या नांवाआड दुसरींच कारणें, कांहीं वाण्याच्या दुकानांत विकत मिळणारीं, तर कांहीं आईच्या पोटांतूनच आलेलीं, निर्धास्तपणें लपून राहिलीं.

मूळ वस्तु आधीं थोडी समजून घेतली पाहिजे. पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असून प्रत्येक गाळणीस एक लांब, वळणावळणाची नलिका जोडलेली असते. रक्तांतून गाळलेलें पाणी ह्या नलिकांतून वाहत असतां त्यांतून शरीरास हवें तें परत घेतलें जातें, आणि उरलेलें मूत्ररूपानें शंकूच्या आकाराच्या अग्रांवाटे मूत्रपिंडाच्या पोटांतील द्रोणींत ठिबकतें; तेथून तें मूत्रवाहिनीनें मूत्राशयांत उतरतें. निसर्गानें ह्या अवयवास एवढी शिल्लक शक्ति दिली आहे कीं, दोहोंपैकीं एक काढून दुसऱ्यास दान केलें तरी देणारा सुखानें जगतो. ह्या शिलकीचा एक तोटा मात्र आहे. मूत्रपिंडाचा नाश वर्षानुवर्षें चालला असतां माणसास त्याचा पत्ता लागत नाहीं. अंगावर सूज, फिकटपणा, श्वास, वांति हीं लक्षणें दिसूं लागतात तेव्हां बहुतेक सर्व कारभार आटोपलेला असतो. म्हणूनच ह्या रोगाच्या कारणाचा शोध नेहमीं उलट्या दिशेनें, शेवटाकडून आरंभाकडे, करावा लागला, आणि अशा शोधांत चुकामूक व्हावयाची भीति अधिक असते.

मूत्रविकार आपल्याकडे कांहीं नवे नव्हत. ज्याला आपण उन्हाळी लागणें म्हणतों तो विकार घरोघर ठाऊक आहे, आणि धने-जिऱ्याचें पाणी, वाळा, गोखरूचा काढा हे त्यावरचे उपायहि आजीबाईच्या बटव्यांत आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघात व मूत्रकृच्छ्र ह्यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. मुतखडा काढण्याची सुश्रुताची शस्त्रक्रिया तर प्रसिद्धच आहे. मौज अशी कीं, ज्यास आज आपण मूत्रपिंड म्हणतों त्या वृक्कांचा मूत्राशीं संबंध ह्या ग्रंथकारांनीं मुख्यत्वें लावलेला नाहीं. चरकानें वृक्क हे मेद वाहून नेणाऱ्या स्रोतसांचें मूळ मानले, व मूत्राचें मूळ बस्तींत सांगितलें. तिकडे रोमन साम्राज्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन ह्या ग्रीक वैद्यानें जिवंत जनावरांच्या मूत्रवाहिन्या दोऱ्यानें बांधून दाखविल्या, आणि मूत्र मूत्रपिंडांत तयार होतें हें प्रत्यक्ष सिद्ध केलें. मूत्राशयांत उतरलेलें मूत्र मूत्रवाहिनींत परत चढत नाहीं, तिच्या तोंडाशीं निसर्गानें तशी योजना केली आहे, असेंहि त्यानें दाखविलें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. अठराशें वर्षांनीं तिचा संबंध पुन्हां येणार आहे.

आधुनिक काळांतील पहिलें नांव रिचर्ड ब्राइट ह्याचें. लंडन येथील गायज् हॉस्पिटलमध्यें हा वैद्य होता. तरुणपणीं त्यानें आइसलंड पाहिलें होतें आणि हंगेरींतील प्रवासावर स्वतःच्या हातच्या चित्रांसह एक ग्रंथहि लिहिला होता. डोळे उघडे ठेवून पाहण्याची ही संवय त्यानें इस्पितळांतहि सोडली नाहीं. अंगावर सूज आलेल्या रोग्याचें मूत्र चमच्यांत घेऊन तो मेणबत्तीवर तापवी. अंड्याच्या बलकाभोंवतींच्या पांढऱ्या भागासारखें तें गोठलें तर रोग्याच्या मृत्यूनंतर त्याचीं मूत्रपिंडें विकृत सांपडत. १८२७ सालीं त्यानें आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं, आणि १८४२ त तर गायज् हॉस्पिटलमध्यें ४२ खाटांचे दोन विभाग सहा महिने केवळ ह्याच रोग्यांसाठीं राखून ठेवण्यांत आले. सूज, मूत्र आणि मूत्रपिंड ह्या तिहींची सांगड घालून देणारा हा पुरुष निःसंशय थोर होता. परंतु त्याचें नांव घेऊन पुढच्या वैद्यांनीं जें केलें तें पाहण्यासारखें आहे. मूत्रपिंडाचा कोणताहि जुना विकार दिसला कीं तो ‘ब्राइटचा रोग’. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन १८८६ मध्यें वारली तेव्हां तिच्या मृत्युपत्रकावर हेंच नांव पडलें. अडगळीच्या खोलींत जशी घरांतील प्रत्येक जुनी वस्तु लोटली जाते, तसें ह्या नांवाचें झालें होतें.

ती खोली आवरावयास काढली पॅरिस येथील पिअर रेये ह्यानें. १८३९ पासून १८४१ पर्यंत त्याचा मूत्रपिंडाच्या रोगांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ बाहेर पडला. आणि मूत्रपिंड व त्याची द्रोणी ह्यांच्या एकत्र दाहास ‘पायलोनेफ्रायटिस’ हें नांव त्यानेंच दिलें. ब्राइटच्या रोगाहून हा दाह निराळा, तो बहुधा खालून, मूत्रमार्गाकडून वर चढतो, हा भेद त्यास स्पष्ट दिसत होता. पण जंतूंचें शास्त्र तेव्हां जन्मास यावयाचें होतें. १८८५ त थिओडोर एशेरिख ह्या बालवैद्यानें तान्ह्या मुलांच्या विष्ठेंत एक जंतु वर्णिला, जो आज त्याच्याच नांवानें ओळखला जातो. आणि नऊ वर्षांनीं मुलींच्या मूत्राशयदाहांत तोच जंतु त्यास सांपडला. स्त्रियांचा मूत्रमार्ग आंखूड असल्यामुळें आंतड्यांतील हा रहिवासी सहज मूत्राशयांत शिरतो, व कधीं कधीं तेथून वर मूत्रपिंडापर्यंत पोंचतो. थंडी वाजून भरलेला ताप, कुशींत कळ, गढूळ लघवी हें त्या चढाईचें चित्र. इतकें सर्व बरोबर होतें आणि आजहि बरोबर आहे. प्रश्न पुढचा होता. असा ताप येऊन गेलेल्या माणसाचीं मूत्रपिंडें कालांतरानें निकामी होतात काय?

ह्या प्रश्नास ठाम होकार देणारा प्रबंध १९३९ मध्यें बॉस्टन येथून बाहेर पडला. सोमा वाइस हा हंगेरींतून आलेला बुद्धिमान वैद्य आणि फ्रेडरिक पार्कर हा विकृतिशास्त्रज्ञ हे त्याचे कर्ते. आकसलेल्या, खडबडीत मूत्रपिंडांचे पातळ काप त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. नलिकांच्या मधल्या जागेंत दाहाच्या पेशी, वणाचे तंतु, फुगून गुलाबी द्रव्यानें भरलेल्या नलिका व जाड झालेल्या रक्तवाहिन्या त्यांस दिसल्या. हीं सर्व जुन्या जंतुसंसर्गाचीं पदचिन्हें होत, रोग्यास पूर्वीं मूत्रविकार झाल्याचें आठवत नसलें तरीहि संसर्ग गुप्तपणें होऊन गेलेला असावा, आणि रक्तदाब वाढण्याचेंहि हें एक मोठें कारण आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. काळहि ह्या मताला अनुकूल होता. १९३४ सालीं हॅरी गोल्डब्लाट ह्यानें कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी आवळून रक्तदाब वाढवून दाखविला होता. सल्फा औषधें नुकतींच आल्यामुळें जंतूंविरुद्ध कांहीं तरी करतां येतें असा उत्साह सर्वत्र होता. जो शत्रु मारण्याचें शस्त्र हातीं असतें, तोच शत्रु सगळीकडे दिसूं लागावा हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. वाइस १९४२ च्या आरंभीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन वारला. आपल्या सिद्धान्ताचें पुढें काय झालें हें पाहावयास तो राहिला नाहीं.

त्या सिद्धान्तांत एक दोष होता, आणि तो तर्काचा होता. जंतु सांपडले तर संसर्ग सिद्ध. न सांपडले तर ते येऊन गेले असावेत म्हणूनहि संसर्ग सिद्ध! जो आरोप पुरावा असला तरी टिकतो आणि नसला तरी टिकतो, त्यापासून आरोपीची सुटका कशी व्हावी? पुढील पंधरावीस वर्षांत हें निदान विकृतिशास्त्रज्ञांच्या हातांत इतकें सैल झालें कीं, एका ठिकाणीं शंभर शवांत दोन-तीनांस हा रोग सांपडे, तर दुसऱ्या ठिकाणीं वीसांहून अधिकांस. माणसें तींच, मूत्रपिंडें तशींच. बदलत होती ती पाहणाराची मर्जी. आणि ह्या मर्जीचे परिणाम कागदावरच राहिले असेंहि नाहीं. रक्तदाब उतरेल ह्या आशेनें एका बाजूचें विकृत मूत्रपिंड काढून टाकण्याची लाट आली. होमर स्मिथ ह्या शरीरशास्त्रज्ञानें १९५६ मध्यें अशा ५७५ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हां खरा लाभ सुमारें चतुर्थांश रोग्यांसच झालेला आढळला. उरलेल्यांनीं एक मूत्रपिंड गमावलें आणि रक्तदाब मात्र कायम राहिला.

त्याच वर्षीं बॉस्टनमध्यें एडवर्ड कॅस ह्यानें ह्या वादास एक माप मिळवून दिलें. मूत्राच्या एका मिलिलिटरमध्यें एक लाख किंवा अधिक जंतु असले तर तो संसर्ग, कमी असले तर बहुधा नमुना घेतांना लागलेली घाण, असा त्याचा दंडक होता. ह्या मापानें शोधूं जातां, कसलीहि तक्रार नसलेल्या गर्भवती स्त्रियांत शंभरांत सुमारें सहाजणींस जंतु सांपडले. त्यांवर उपचार केले असतां मूत्रपिंडदाहाचा धोका टळतो हेंहि त्यानें दाखविलें, आणि तें आजपर्यंत खरें ठरलें आहे. परंतु येथून एक मोठी भीतीहि निघाली. शाळेंतल्या मुलींत, प्रौढ स्त्रियांत, म्हाताऱ्यांत असे मुके जंतु जागोजाग सांपडूं लागले. हे सर्व लोक मूत्रपिंडनाशाच्या वाटेवर आहेत काय? ही भीति खरी कीं खोटी हें ठरावयास वीस वर्षें लागलीं.

दरम्यान एक वेगळीच गोष्ट स्वित्झर्लंडमध्यें उजेडांत येत होती. १९५३ सालीं झुरिक येथील श्प्यूलर व त्सोलिंगर ह्या दोघांनीं असें लिहिलें कीं, नलिकांच्या मधल्या जागेंत वण पडून आकसलेलीं मूत्रपिंडें अलीकडे फार दिसतात, आणि अशा रोग्यांपैकीं पुष्कळांनीं वर्षानुवर्षें डोकेदुखीच्या गोळ्या खाल्लेल्या असतात. ह्या गोळ्यांत फेनासेटिन नांवाचें द्रव्य असे. त्याचा जन्महि मौजेचा आहे. १८८७ च्या सुमारास बायर ह्या जर्मन रंगाच्या कारखान्यांत एक टाकाऊ रसायन ढिगानें सांचलें होतें. तें फुकट कां जावें म्हणून त्याचें औषध बनविण्यांत आलें. तें ताप उतरवी, ठणका थांबवी, आणि कॅफीन बरोबर असल्यामुळें मनास तरतरीहि आणी. अशा वस्तूस गिऱ्हाइकांचा तोटा कसा पडावा?

ह्या औषधाचें सर्वांत करुण प्रकरण स्वीडनमधील हुस्कवार्ना गांवीं घडलें. व्हेटर्न सरोवराच्या कांठीं हा गांव आहे. १६८९ पासून तेथें बंदुकांचा कारखाना. पुढें त्याच कारखान्यांतून शिवणयंत्रें व मोटारसायकली निघूं लागल्या. १९१८ त इन्फ्ल्युएंझाची भयंकर सांथ आली तेव्हां योर्टन नांवाच्या तेथील डॉक्टरानें रोग्यांस एक पूड लिहून दिली. तींत फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफीन हीं तीन द्रव्यें होतीं. सांथ ओसरली, पण पूड राहिली. कामगारांस असें आढळून आलें कीं, पूड घेतली म्हणजे अंग दुखत नाहीं, हात भरभर चालतो, पाळी लवकर उरकते. एकाचें पाहून दुसऱ्यानें, बापाचें पाहून लेकानें ती घ्यावी असा प्रघात पडला. सकाळीं कामावर जातांना एक, दुपारीं एक, कांहींजण तर दिवसांतून कित्येक पुड्या घेत. पाहुण्याला आपण जसा विडा देतों तशी ती पुडी पुढें केली जाई. सुंदर वेष्टनांत गुंडाळून वाढदिवसाची भेट म्हणूनहि ती दिली जाई. तेथें कोणी ह्यास व्यसन म्हणत नव्हतें, औषध म्हणूनहि त्याची मोजदाद नव्हती. म्हणूनच डॉक्टरनें ‘कांहीं औषध घेतां काय?’ असें विचारलें तर माणूस प्रामाणिकपणें ‘नाहीं’ म्हणे.

आणि ह्या गांवांत माणसें मूत्रपिंडाच्या विकारानें मरत होतीं. आजूबाजूच्या मुलखाच्या मानानें हें प्रमाण फार मोठें होतें. कर्ट ग्रिमलुंड ह्या डॉक्टरानें अखेर कामगारांच्या पुड्यांचा आणि मृत्यूंचा हिशेब एकमेकांशेजारीं मांडला, व १९६३ मध्यें तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. पूड घेणारे आणि न घेणारे ह्यांच्यांतील अंतर इतकें स्पष्ट होतें कीं, शंकेस फारशी जागा उरली नाहीं. तोंपर्यंत पुडीला पंचेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. ह्या काळांत ज्यांनीं प्राण सोडले त्यांचीं मूत्रपिंडें शवच्छेदकांच्या टेबलावर आलींच असतील. त्यांत दाहाच्या पेशी होत्या, वण होते, पुष्कळदां जंतुहि होते. नांव तयार होतें, तें लागू पडत होतें, आणि नांव लागू पडल्यावर कोणी पुढें विचारीत नाहीं.

जंतु तेथें कसे आले ह्याचें उत्तर पुढें मिळालें. फेनासेटिन व त्याच्या जोडीचीं द्रव्यें मूत्रपिंडाच्या अग्रांत जाऊन घट्ट होतात. तेथें रक्ताचा पुरवठा मुळांतच कमी. अग्र हळूहळू मरतें, कधीं तुटून पडतें व मूत्रवाहिनींत अडकून वाट बंद करतें. मेलेल्या भागांत आणि तुंबलेल्या पाण्यांत जंतूंनीं वस्ती करावी ह्यांत नवल काय? जनावर मेल्यावर गिधाडें जमलीं, आणि पंचनामा करणारानें खून गिधाडांच्या नांवावर लिहिला, असा हा प्रकार झाला. मेलबर्न येथील प्रिसिला किंकेड-स्मिथ ह्या विदुषीनें हा क्रम प्रयोगानें व निरीक्षणानें उलगडून दाखविण्यांत मोठें काम केलें. ऑस्ट्रेलियांत तर अशा पुड्या प्रत्येक वाण्याकडे मिळत आणि संसाराच्या रगाड्यांत पिचलेल्या गृहिणी त्या चहाबरोबर घेत. तेथें १९७९ मध्यें त्यांच्या खुल्या विक्रीस बंदी झाली. हिंदुस्थान सरकारनें फेनासेटिनवर १९८३ सालीं बंदी घातली. म्हणजे झुरिकच्या लेखानंतर तीस वर्षांनीं. आपल्याकडे किती मूत्रपिंडें त्या तीस वर्षांत गेलीं ह्याची गणती कोणी ठेवलेली नाहीं.

फेनासेटिननें प्रौढ रोग्यांचा मोठा भाग ह्या नांवांतून बाहेर काढला. उरलीं मुलें. लहानपणीं वारंवार ताप, मग विशीपंचविशींत रक्तदाब, आणि पुढें मूत्रपिंडांचा ऱ्हास अशीं उदाहरणें खरोखरच होतीं, आणि त्यांत पुड्यांचा कांहीं संबंध नव्हता. येथें गेलनची ती जुनी गोष्ट परत येते. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतींतून तिरकस शिरते. मूत्राशय भरला कीं ती भिंतींत दाबली जाऊन आपोआप मिटते. कांहीं मुलांत जन्मतःच हा तिरकस भाग आंखूड असतो, आणि लघवी करतांना मूत्र उलट मूत्रपिंडाकडे धांव घेतें. १९६० मध्यें लंडनचे क्ष-किरणतज्ज्ञ हॉडसन व एडवर्ड्‌स ह्यांनीं दाखविलें कीं, ज्यांच्या मूत्रपिंडांवर असे वण आहेत त्यांपैकीं बहुतेकांत हा उलटा प्रवाह आहे. वण बहुधा वरच्या व खालच्या टोकांसच कां पडतात हें कोडें रॅन्सली व रिस्डन ह्यांनीं डुकरांवरील प्रयोगांनीं सोडविलें. मधलीं अग्रें निमुळतीं असून दाब पडतांच मिटतात, पण टोकांकडील कांहीं जोडअग्रें चपटीं असतात, त्यांचीं तोंडें उघडीं राहतात, आणि जंतूंनीं भरलेलें पाणी त्यांतून थेट आंत शिरतें. पहिल्याच संसर्गांत हें नुकसान होऊन जातें, पुढच्या संसर्गांनीं त्यांत फारशी भर पडत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. तान्ह्या मुलाच्या कारण न समजणाऱ्या तापांत लघवी तपासण्याची आजची घाई ह्याच शोधाचें फळ आहे. न्यूझीलंडच्या रॉस बेली ह्यानें १९७३ मध्यें ह्या विकारास ‘रिफ्लक्स नेफ्रोपॅथी’ असें नांव दिलें. म्हणजे जुन्या नांवाची आणखी एक वाटणी झाली.

कॅसच्या मुक्या जंतूंची भीतीहि ह्याच दशकांत निवळली. कार्डिफ व ऑक्सफर्ड येथील वैद्यांनीं जंतु असलेल्या शाळकरी मुलींस चार वर्षें डोळ्यांखालीं ठेवलें. कांहींना औषध दिलें, कांहींना दिलें नाहीं. १९७८ मध्यें निकाल आला तो असा कीं, ज्यांचीं मूत्रपिंडें आरंभीं निकोप होतीं त्यांचीं तशींच राहिलीं, मग औषध मिळो न मिळो. गर्भवती स्त्रियांखेरीज आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हावयाच्या रोग्यांखेरीज इतरांनीं तक्रार नसतां केवळ जंतु दिसले म्हणून औषध घेऊं नये, असें आतां तज्ज्ञांच्या समित्या सांगतात. तरीहि आपल्याकडे मूत्रपरीक्षेच्या कागदावर ‘जंतु’ हा शब्द दिसला कीं आजोबांस प्रतिजैविकांचा मारा सुरू होतो, हें कित्येक वाचकांनीं घरीं पाहिलें असेल.

आणखी एक धक्का शिल्लक होता. १९८० नंतर गर्भवतीच्या पोटांतील बालक ध्वनिलहरींच्या यंत्रानें दिसूं लागलें. कित्येक बालकांचीं, विशेषतः मुलग्यांचीं, मूत्रपिंडें जन्मापूर्वींच लहान व वेडींवांकडीं असल्याचें त्यांत आढळलें. जंतूंचा स्पर्श होण्यापूर्वींच जें बिघडलें होतें, त्यालाच पुढें क्ष-किरणांच्या चित्रांत आपण ‘वण’ म्हणत होतों! उलटा प्रवाह आणि अपुरी वाढ हीं दोन्ही एकाच जन्मजात दोषाचीं अंगें होतीं. मग ती मूत्रवाहिनी शिवून बसविण्याच्या असंख्य शस्त्रक्रियांनीं काय साधलें? १९८७ मध्यें बर्मिंगहॅम येथील पांच वर्षांच्या तुलनेंत शस्त्रक्रिया व औषध ह्यांच्या फलांत मूत्रपिंडापुरता म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंत अशीं ६०७ मुलें दोन वर्षें निरीक्षणाखालीं होतीं. रोज थोडें प्रतिजैविक दिल्यानें संसर्गाचे हल्ले निम्मे झाले, पण नव्या वणांची संख्या कमी झाली नाहीं. ज्या आईनें रात्रीं अपरात्रीं तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेतलें आहे, तिला हल्ले निम्मे होणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मूत्रपिंड वांचविण्याच्या नांवाखालीं तें औषध दिलें जात होतें, आणि तें कारण टिकलें नाहीं.

मग खऱ्या जंतुसंसर्गाच्या वांट्यास काय उरलें? फिनलंडमधील औलू येथें २०११ मध्यें मूत्रपिंडांच्या जुन्या विकाराच्या कित्येकशें रोग्यांचीं कागदपत्रें ह्याच प्रश्नासाठीं तपासण्यांत आलीं. मूत्रमार्गांत जन्मजात दोष नसतां केवळ बालपणींच्या संसर्गामुळें मूत्रपिंडें गेलीं असें म्हणतां येईल अशांचें प्रमाण फार तर शेंकडा ०.३ निघालें. १९३९ च्या प्रबंधापासून हा आकडा किती दूर आला हें सांगावयास नको.

परंतु ह्यावरून मूत्रपिंडाचा संसर्ग निरुपद्रवी समजणें म्हणजे एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास जाणें होय. वाहत्या पाण्यांत जंतु फार काळ टिकत नाहींत. तुंबलेल्या पाण्यांत मात्र ते मूत्रपिंडाचा चिखल करतात. मुतखडा मूत्रवाहिनींत अडकून वर पू सांचला, तर मूत्रपिंड थोड्याच काळांत जातें आणि कधीं कधीं माणूसहि जातो. प्रोस्टेट ग्रंथि वाढून मूत्राशय रिकामा न होणारे म्हातारे, पाठीचा कणा मोडून लघवीचें भान गेलेले तरुण, ह्यांच्या बाबतींत रेयेचें जुनें वर्णन अक्षरशः लागू पडतें. मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांत जंतु साखरेवर पोसून वायु निर्माण करतात, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत मूत्रपिंडाच्या जागीं हवेचे बुडबुडे दिसतात. मधुमेहाचा प्रसार पाहतां आपल्या इस्पितळांत हें चित्र अपरिचित राहिलेलें नाहीं. क्षयाचे जंतु तर वर्षें वर्षें गुपचूप काम करून मूत्रपिंडाचा चुना करून टाकतात, आणि साध्या तपासणींत ते सांपडतहि नाहींत. अशा वेळीं केवळ प्रतिजैविकांवर विसंबून राहणारा वैद्य रोग्याचें नुकसान करतो. खडा अडकून ताप भरला असेल तर त्याच दिवशीं, शक्य तर कांहीं तासांत, पाठींतून किंवा मूत्राशयांतून एक बारीक नळी सरकवून तुंबलेला पू वाहता करावा लागतो. खडा काढण्याचें काम ताप उतरल्यावर, आठ-पंधरा दिवसांनींहि करतां येतें.